ॲक्सोलॉटल: थंड पाण्याच्या टाकीपासून पिल्लांच्या पैदाशीपर्यंत

सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर, पाळायचा ठरला की बहुतेक जण आधी प्राणी आणतात आणि मग टाकीच्या मागे लागतात. क्रम नेमका उलटा हवा. टाकी, पाणी आणि थंडाव्याची सोय आधी, प्राणी सगळ्यात शेवटी. पैदास करायची असेल तर पिल्लांच्या खाण्याची तयारी अंडी फुटण्याच्याही आधी. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

कोणता सॅलॅमँडर निवडायचा

सॅलॅमँडरच्या शेकडो जाती आहेत, पण बंदिस्त जागेत नीट राहतील आणि प्रजननही करतील अशा मोजक्याच. काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला युरोपातला फायर सॅलॅमँडर दिसायला देखणा. तो जमिनीवर राहतो, मादी अंडी घालत नाही, थेट पाण्यात जिवंत डिंभ, म्हणजे कल्ले असलेली पिल्लं, सोडते. पण त्याची पैदास हवी तर हिवाळ्याचा गारवा महिनोन्‌महिने टिकवावा लागतो. टायगर सॅलॅमँडर धष्टपुष्ट आणि खादाड, मात्र टाकीत जोडी जुळणं दुर्मीळ. स्पेन-पोर्तुगालकडचा रिब्ड न्यूट काटक आहे आणि टाकीत अंडीही घालतो.

नवशिक्याने ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या सॅलॅमँडरपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तो जन्मभर पाण्यातच राहतो, कल्ले आयुष्यभर बाहेर मिरवतो आणि डिंभावस्थेतच प्रौढ होऊन प्रजनन करतो. त्यामुळे ओली माती, शेवाळ, हवेतली आर्द्रता ही सगळी भानगड टळते. सांभाळायचं ते फक्त पाणी. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण २३ ते ३० सेंमी लांब होतो आणि नीट ठेवला तर १० ते १५ वर्षं जगतो. हा आकडा दोनदा वाचा. हौस दोन वर्षांत ओसरणार असेल तर यात पडू नका.

मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को परिसरातल्या कालव्यांत हा प्राणी मूळचा. तिथे तो आता अतिसंकटग्रस्त आहे, पण जगभरच्या टाक्यांत आणि प्रयोगशाळांत त्याची रेलचेल आहे. १८६४ साली मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले. त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले आणि पुढच्याच वर्षी त्यांना पिल्लं झाली. आज पाळलेल्या बऱ्याच ॲक्सोलॉटलांची वंशावळ तिथवर जाते. म्हणजे गोतावळा जवळचा आहे. पैदाशीच्या वेळी हे पुन्हा आठवावं लागेल.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ॲक्सोलॉटल आहे. काही ठिकाणी तो पाळायला परवाना किंवा नोंदणी लागते, तर कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी सरळ बंदी आहे. आपल्याकडचा कायदा आधी पाहा. आणि रानातून पकडलेला कोणताही सॅलॅमँडर कुणी दिला तरी घेऊ नका.

टाकी

एका प्रौढ प्राण्याला निदान ७५ लिटरची टाकी लागते. ११० लिटरच्या पुढची असेल तर पाणी सांभाळणं बरंच सोपं जातं. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण हा प्राणी तळावरच वावरतो. ९० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद टाकीत दोन प्रौढ आरामात राहतात. वर झाकण हवंच. हा शांत दिसणारा प्राणी दचकला की उसळी मारतो.

तळाला रंगीत खडे टाकू नका. ॲक्सोलॉटल भक्ष्य चावत नाही. झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. गांडुळाबरोबर खडाही जातो, आतड्यात अडकतो आणि प्राणी दगावतो. एकतर तळ मोकळा ठेवा, नाहीतर एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू घाला. मोठे दगड ठेवायचे तर ते त्याच्या डोक्यापेक्षा मोठे हवेत. लहान पिल्लांच्या टाकीत वाळूसुद्धा नको.

त्याला पापण्या नसतात, त्यामुळे प्रखर उजेड टाळता येत नाही. प्रत्येक प्राण्यामागे एक तरी लपायची जागा द्या. आडवा पाइप किंवा कडा घासून गुळगुळीत केलेलं मातीचं भांडं चालतं. वनस्पती लावायच्या तर जावा फर्न, ॲन्युबियस, जावा मॉस अशा, थंड पाण्यात आणि कमी उजेडात तगणाऱ्या.

फिल्टर जोमदार हवा, पण प्रवाह मंद. पंखासारखे कल्ले सतत पुढे वळलेले दिसले तर प्रवाहाचा जाच होतोय असं समजा. लहान टाकीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. मोठ्या टाकीला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, लावा आणि पाणी परत सोडणाऱ्या नळीला बारीक भोकांचा स्प्रे बार जोडून तो काचेकडे वळवा.

मासे, गोगलगायी, कासव यांपैकी काहीही सोबत नको. मासे कल्ले कुरतडतात, किंवा ॲक्सोलॉटल मासे गिळतो आणि काटा घशात अडकतो.

टाकी सायकल करणं

सायकल करणं म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वसवणं. सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातले जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी. तिसरं थोडं चालतं आणि पाणी बदललं की जातं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. वसायला त्यांना साधारण चार ते आठ आठवडे लागतात.

टाकी भरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध टाका. कोरफडीचा अर्क असलेलं मात्र घेऊ नका. फिल्टर चालू करा आणि शुद्ध, सुगंध किंवा साबण नसलेला अमोनिया थेंबाथेंबाने घाला. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर प्रमाण २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) आलं की थांबा. मग दिवसाआड तपासत राहा. सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं. मग एक दिवस अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. पुढे नायट्राइटही उतरतं. दर वेळी अमोनिया संपला की पुन्हा २ पीपीएमपर्यंत घाला. एका दिवसात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले आणि नायट्रेट दिसू लागलं, म्हणजे टाकी तयार. एकदम बरंच पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा आणि मगच प्राणी सोडा.

जिवाणू गरम पाण्यात लवकर वाढतात, म्हणून या काळात टाकी थंड करायची गरज नाही. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर महिन्याचं काम आठवड्यावर येतं. किट मात्र द्रावणाचं घ्या. पट्ट्यांच्या रंगावरून ०.२५ आणि ० यांतला फरक कळत नाही, आणि इथे सगळा खेळ त्या फरकाचाच आहे.

पीएच ७.४ ते ७.६ उत्तम, ६.५ ते ८ मध्ये भागतं. पाणी जरा जड (क्षारयुक्त) असलेलं बरं. पीएच आणि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो, हेही ध्यानात असू द्या.

थंडावा

उबदार प्रदेशात ॲक्सोलॉटल पाळणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. १४ ते १८ अंश सेल्सियस ही त्याची सुखाची पातळी. २० पर्यंत ठीक. २४ च्या वर तापमान टिकलं तर प्राणी खाणं सोडतो, बुरशी धरतो आणि मरतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी शरीराची गरज वाढते, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण हवा दमट असेल तर पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि कोरड्या हवेत पाणी भराभर घटतं. बर्फाच्या बाटल्या अडीअडचणीलाच. बाटली टाकली की पाणी गार, वितळली की पुन्हा गरम. हा चढउतार प्राण्याला स्थिर २१ अंशांपेक्षाही वाईट. वर्षातले काही महिने खोलीचं तापमान २५ च्या पुढे जात असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यावाच लागतो, आणि तो टाकीपेक्षा महाग पडू शकतो. हा खर्च झेपत नसेल तर ॲक्सोलॉटल आणू नये. इतकं स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण उन्हाळ्यात मरणाऱ्या बहुतेक प्राण्यांची गोष्ट एवढीच असते. चिलर बंदिस्त कपाटात कोंबू नका. तो गरम हवा बाहेर टाकतो आणि तीच परत ओढतो.

आणल्यावर

नवा प्राणी निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं. हे कर्मकांड नव्हे. सॅलॅमँडरची कातडी खाणारी एक कायट्रिड बुरशी नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरचा जवळपास सफाया करून गेली. २०१३ साली तिची नवी जात म्हणून नोंद झाली, आणि ती पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरली असावी असं मानलं जातं. टाकीतलं पाणी आणि मेलेले प्राणी ओढ्यात किंवा तळ्यात कधीही टाकू नका.

गांडूळ हे त्याचं मुख्य अन्न. बुडणाऱ्या, प्रथिनयुक्त गोळ्या जोडीला चालतात. गोठवलेल्या ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) अधूनमधून चवीपुरत्या. मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) देऊ नका, त्यांचं कवच पचत नाही. कीटकनाशक मारलेल्या बागेतली गांडुळंही नकोत. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा, वाढत्या पिल्लाला रोज. उरलेलं अन्न तासाभरात बाहेर काढा. आठवड्याला २० ते ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीइतकंच गार हवं.

शेपटीचं टोक आकडा झालेलं, कल्ले आक्रसलेले, दिवसचे दिवस उपास, सारखं वर येऊन हवा घेणं, ही सगळी अस्वस्थतेची लक्षणं. औषधाकडे हात जाण्याआधी पाणी तपासा. दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच निघतो. कल्ल्यावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली तर आयोडीन नसलेलं साधं मीठ, लिटरला दोन ते तीन छोटे चमचे, अशा वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवतात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नये. माशांची तांब्याची औषधं वापरू नयेत, उभयचरांची कातडी ती शोषून घेते. तुटलेला पाय किंवा कुरतडलेला कल्ला मात्र स्वच्छ, गार पाण्यात आपोआप परत उगवतो.

एक सावधानता. आयोडीन किंवा थायरॉइडचं संप्रेरक दिलं की ॲक्सोलॉटल रूपांतर होऊन जमिनीवर येतो, हे वाचून काही उत्साही मंडळी तो प्रयोग करू पाहतात. बरेच प्राणी त्यात मरतात, उरलेल्यांचं आयुष्य घटतं. करू नका.

जोडी निवडणं

नर-मादी ओळखता येतात साधारण १८ सेंमी लांबी झाल्यावर. मागच्या पायांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी असलेला अवस्कराचा (मलमूत्र आणि प्रजनन यांच्या एकाच द्वाराचा) भाग पाहा. नरात तो ठळक फुगलेला असतो, मादीत जवळजवळ सपाट. मादी अंगाने गोल, नर सडपातळ. लहान वयात हा अंदाज हमखास चुकतो आणि ‘दोन माद्या’ म्हणून घेतलेल्या जोडीची एक दिवस अंडी दिसतात.

प्राणी वर्षाच्या आतही प्रजननक्षम होतो, पण मादी दीड वर्षाची आणि २० सेंमीपेक्षा मोठी होईपर्यंत थांबा. अंडी तयार करताना तिच्या शरीरातला साठा खर्ची पडतो. एकाच विणीतली भावंडं जुळवू नका. ज्यांचं कूळ माहीत नाही त्यांचीही जोडी लावू नका. आधीच जवळच्या गोतावळ्यातून आलेल्या प्राण्यांत खुजे, आखूड बोटांचे, लवकर मरणारे जीव त्यातूनच निपजतात.

रंगाचं गणित सोपं आहे. काळ्या डोळ्यांचा फिकट गुलाबी-पांढरा, म्हणजे ल्युसिस्टिक, हा गुण अप्रभावी. दोन ल्युसिस्टिकची सगळी पिल्लं ल्युसिस्टिक. दोन गडद रंगाचे पालक तो जनुक पोटात बाळगून असतील तर साधारण चौथा हिस्सा पांढरा निघतो. लाल डोळ्यांच्या पूर्ण पांढऱ्याचा जनुक तर १९६२ साली टायगर सॅलॅमँडरशी केलेल्या संकरातून आला आहे.

विणीला चालना

नर-मादी काही आठवडे वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा, उत्तम खायला घाला, पाणी २० अंशांच्या आसपास. मग दोघांना एकत्र सोडा आणि पाणी १२-१४ अंशांवर आणा. हिवाळा आला असा हा संकेत. एकत्र टाकीच्या तळाला खडबडीत, सपाट दगड किंवा फरशीचे तुकडे ठेवा. नर शुक्राणूंच्या पुड्या तळाला चिकटवतो आणि गुळगुळीत काचेवर त्या धरत नाहीत. जागोजागी वनस्पती किंवा प्लास्टिकच्या फांद्या द्या, त्यांवर मादी अंडी चिकटवते.

हे बहुधा रात्री घडतं. नर मादीला नाकाने ढुशी देतो, पुढे सरतो, शेपटी उचलून थरथरवतो. मग थांबून तळाला एक छोटा, पारदर्शक जेलीचा शंकू ठेवतो, वर पांढरी टोपी. मादी त्याच्यामागून चालत येते आणि तो शंकू आपल्या अवस्करात उचलून घेते. रात्रभरात असे अनेक शंकू टाकले जातात. सकाळी दगडांवर ते रिकामे दिसले की समजायचं, काम झालं. साधारण अर्ध्या ते दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते. एकावेळी शंभरापासून हजारापर्यंत.

अंडी घालून झाली की आधी नराला बाहेर काढा आणि मग मादीलाही. दोघंही स्वतःची अंडी खातात. मादीला निदान सहा महिने विश्रांती द्या. नर सोबत असला तर तो तिला थकेपर्यंत छळतो, म्हणून कायमचे वेगळे ठेवणं बरं.

किती ठेवायची?

हा निर्णय पहिल्या दोन दिवसांत घ्यायचा. हजार अंडी उबवली तर हजार पिल्लांना रोज जिवंत अन्न, रोज स्वच्छ पाणी आणि पुढे हजार घरं लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने पन्नासच्या वर ठेवू नयेत. बाकीची अंडी पेशींचा नुसता गोळा असतानाच गोठवून टाकावीत. कठोर वाटतं, पण नंतर अर्धपोटी पिल्लं एकमेकांचे पाय खाताना पाहण्यापेक्षा बरं. जास्तीची अंडी किंवा पिल्लं तळ्यात सोडणं हा पर्याय नाही.

ठेवायची अंडी फांदीसकट उथळ डब्यात घ्या, तापमान १८ ते २०, हवेचे बुडबुडे मंद. ताजं अंडं दोन मिलिमीटरचा काळपट ठिपका, भोवती जेली. तीन दिवसांत गोल ठिपका घेवड्याच्या बीसारखा लांबट होतो. आठवड्यात भिंगाखाली डोकं-शेपूट कळतं, मग कल्ल्यांचे कोंब फुटतात आणि जीव आतल्या आत वळवळू लागतो. जी पांढरी पडतील, धूसर होतील ती रोज वेचून काढा. एकावरची बुरशी शेजारच्यांवर जाते. दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं फुटतात.

पिल्लं

नुकतं फुटलेलं पिल्लू सेंटिमीटरभर असतं, पाय नसतात. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात. त्यानंतर त्याला हलणारंच अन्न दिसतं; स्थिर कण समोर पडला तरी ते उपाशी मरतं. म्हणून ताज्या उबवलेल्या ब्राइन श्रिंपला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांना, तोड नाही. डॅफ्निया (गोड्या पाण्यातले इवले जीव), मायक्रोवर्म (बारीक कृमी) जोडीला.

उबवणी अशी: तळ कापून उलटी टांगलेली बाटली, लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, तापमान २६ ते २८, तळापासून जोरात हवा, वर उजेड. चोवीस ते छत्तीस तासांत केशरी ठिपके पोहू लागतात. हवा बंद करा आणि उजेड खाली घ्या. टरफलं वर तरंगतात, जिवंत जीव खाली आणि उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने काढा, बारीक फडक्यातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि पिल्लांना द्या. रोज ताजा घाणा निघावा म्हणून दोन बाटल्या आळीपाळीने चालवा. हे तंत्र अंडी उबत असतानाच दोनदा करून बघा. पिल्लं फुटल्या दिवशी पहिल्यांदा बाटली लावणाऱ्याची पिल्लं वाट पाहत नाहीत.

खाल्लं की नाही हे विचारावं लागत नाही. अंग पारदर्शक असल्याने पोट केशरी दिसतं. पोट रिकामं दिसणारी पिल्लं वेगळ्या डब्यात घेऊन त्यांच्यासमोर दाट अन्न सोडा. ब्राइन श्रिंप गोड्या पाण्यात काही तासांत मरतात आणि पाणी नासवतात, म्हणून खाणं झालं की ड्रॉपरने तळ साफ करा आणि रोज पाणी बदला. डब्यात फिल्टर नको, पिल्लं ओढली जातात.

आधी पुढचे पाय फुटतात, नंतर मागचे. अंगठ्याच्या पेराएवढी झाल्यापासून भूक आणि हिंसा दोन्ही वाढतात. समोर जे हलेल ते ओरबाडलं जातं, मग तो भावाचा पाय का असेना. उपाय तीन: भरपूर खाणं, कमी गर्दी आणि दर दोन-चार दिवसांनी आकारानुसार वाटणी. थोराड पिल्लांना एकेका डब्यात ठेवलेलं सर्वांत बरं. मागचे पाय पूर्ण आले की चिरलेल्या जिवंत ब्लॅकवर्म (पाण्यातल्या गांडुळासारख्या बारीक कृमी), गोठवलेल्या ब्लडवर्म आणि बारीक गोळ्या द्यायला लागा. चिमट्याने समोर हलवल्या की एक-दोन दिवसांत त्यांना स्थिर अन्नाची सवय लागते.

सात-आठ सेंमीची झाली, रोज गोळी किंवा चिरलेलं गांडूळ घेऊ लागली की ती दुसऱ्याकडे द्यायला हरकत नाही. त्याआधी देऊ नका. देताना चोवीस तास उपाशी ठेवा, एका पिशवीत एकच पिल्लू, एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा, भोवती उष्णतारोधक खोका. घेणाऱ्याला आधी टाकीतल्या अमोनिया, नायट्राइट आणि तापमानाचे आकडे विचारा. उत्तर येत नसेल तर पिल्लू तुमच्याकडेच राहू द्या.